वरची पिन

३ मार्च, सोमवार

पिन बसेना!

अनुजानं पुण्याहून गुडघे शेकायची पिशवी पाठवली. आत पाणी असतं म्हणे, विजेवर तापते. नातीनं पाठवली म्हणून लगेच खोलली. पिना बाहेरदेशच्या, चपट्या आणि आमच्या भिंतीतली भोकं गोल. दाबून बघितलं, उलटी करून बघितलं. सुईत दोरा जाईना की थुंकी लावतो तशी लावायचा विचार होता, पण सुनेनं हात धरला. संयोगिता एरवी तोंडातून शब्द काढत नाही, आज म्हणाली, "आत्ती, तेवढं नका करू."

अनुजाला फोन लावला. म्हणाली, आज्जी, मधे एक अडॅप्टर लागतो, बाबांना आणायला सांग. म्हटलं, मधला माणूस कशाला? लग्नाला मधला माणूस असतो ते ठीक. भिंतीला नि पिशवीला कशाला? हसत बसली. मग म्हणाली, आज्जी, भोकं सगळी सारखी नसतात, जरा घरात फिरून बघ.

घरात येऊन किती वर्षं झाली. भिंतीकडे बघितलंच नव्हतं कधी.

४ मार्च

बघितलं. दुपारी सगळे बोर्ड फिरले.

माजघरात जुना काळा बोर्ड आहे, त्याला नुसती दोन भोकं. बाहेरच्या खोलीत तीन भोकांचे — खाली दोन बारीक, वर एक मोठं. चेहराच तो! दोन डोळे आणि कपाळावर कुंकू. स्वयंपाकघरात मिक्सरच्या मागं पाच भोकांचा, त्याच्यात दोनाची पिन पण बसते, तिनाची पण. न्हाणीत गिझरचा तर भला दांडगा. भोकं जाड, बटणसुद्धा जाड. त्यात फोनची पिन घातली तर लुळी पडते. गिझरची पिन बाहेरच्या खोलीत घालायला गेले तर आत शिरत नाही.

माजघरातल्याला कुंकू नाही. माझ्यासारखा. पण त्याच्यावर अजून रेडिओ चालतो म्हणा.

प्रश्न असा पडला, की वीज दोन तारांनी येते असं ऐकलंय. मग वरचं तिसरं भोक कशाला?

५ मार्च

बाबासोला विचारलं. माझा मुलगा कागलला पंचतारांकित एमआयडीसीत कारखान्यात मशिनीवर असतो, दिवसभर विजेशीच गाठ. म्हणाला, "अर्थिंग असतंय आई ते." म्हटलं, म्हणजे काय? म्हणाला, "सेफ्टीसाठी." म्हटलं, म्हणजे काय? म्हणाला, "आई, शिफ्टवरनं आलोय."

त्याला पण माहीत नाही!

६ मार्च, गुरुवार

आज रंभीनं लाथ झाडली. बादली गोठ्याच्या दारापर्यंत गेली, दूध सगळं शेणात.

गेला महिनाभर चाललंय. आधी पान्हा चोरायला लागली. आंबोण पुढं ठेवलं तरी अंग आकसून उभी. मग शेपूट मारायला लागली, आता लाथा. सड बघितले, कुठं चीर नाही. डॉक्टर येऊन गेला, म्हणाला, म्हशीला काही झालेलं नाही. माझ्याच हातावर वाढलेली म्हस, हिची आईसुद्धा मीच पिळायची, कधी पाय उचलला नव्हता. बाबासो म्हणतो, "खोड लागली तिला. इकून टाकूया." मी म्हटलं, विक. जनावर आहे, लेक नाही.

असं म्हटलं खरं. पण मन मानत नाही. खोड माणसाला लागते, म्हशीला उगाच कशी लागेल?

शेजारची विठाबाई कुंपणावरून सगळं ऐकत होती. "आक्का, म्हसोबा कोपलाय तुमचा. त्याला जागेवरनं हलवला तवाच मी बोललेली."

ते असं झालं. दिवाळीनंतर बाबासोनं मागच्या अंगणात सिमेंटचे ब्लॉक बसवले, चिखल नको म्हणून. गोठ्याच्या भिंतीला लागून म्हसोबाचा दगड होता, तो मधे येत होता. उचलून कुंपणापाशी ठेवला. नारळ फोडला, सगळं रीतीनं केलं. मी रोज सकाळी अंघोळ झाली की त्याला कळशीभर पाणी घालते, ते अजून घालते, आता कुंपणापाशी. देव कोपायला काय झालं? दहा पावलं हलवला म्हणून कोपणारा देव असेल, तर त्याचाच स्वभाव वाईट.

८ मार्च

वरच्या भोकाचं उत्तर मिळालं. अनुजानं कुणाला तरी विचारून सांगितलं.

खालच्या दोघांतून वीज येते आणि जाते. वरच्यात काहीच नसतं. ते भोक तारेनं जमिनीला जोडलेलं असतं. मिक्सरच्या, फ्रिजच्या अंगात चुकून वीज उतरली, तर तिला जमिनीत जायला वाट पाहिजे, नाहीतर ती माणसातून जाते. आणि पिनेचा वरचा दांडा जाड आणि लांब का? तर आधी तो आत जावा म्हणून. नव्या बोर्डांत तर तो आत गेला की मगच खालच्या भोकांची झाकणं उघडतात. निघताना पण तोच शेवटी निघतो.

म्हणजे पावणं घरात यायच्या आधी कुत्रं बांधून घेतात, तसं! चांगली रीत आहे. हे कुणी काढलं असेल त्याचं डोकं बरं होतं.

आणि लोक काय करतात? तिनाची पिन दोनाच्या बोर्डात बसत नाही म्हणून वरचा दांडा पकडीनं तोडतात. विठाबाईच्या इस्त्रीचा तसाच तोडलाय. आज सांगून आले तिला. म्हणाली, "चालती की!" म्हटलं, तू पण चालतेस, म्हणून सगळं बरोबर आहे होय गं?

९ मार्च

बाबासोच्या पेटीतून टेस्टर काढला. संयोगितानं बघितलं. रबरी चप्पल आणून माझ्या पायाशी ठेवली.

१० मार्च

बाहेरच्या खोलीत उजव्या भोकात टेस्टर घातला, मागं अंगठा लावला — आत लाल दिवा! डाव्यात काही नाही. वरच्यात काही नाही. सगळ्या घरात असंच का ते बघायला निघाले होते, तेवढ्यात बाबासो आला. "आई, मरशील!" म्हटलं, आज ना उद्या मरायचंच आहे, माहीत होऊन मरते. टेस्टर काढून घेतला. कपाटावर ठेवला. मला दिसतो तिथून.

१२ मार्च

बिद्रीकडचे पावणे रंभीला बघून गेले. साठीचे, मिशीवाले, म्हशीची पारख आहे माणसाला. कास बघितली, पाठीवरून हात फिरवला. बाबासोनं लपवलं नाही, धार काढताना त्रास देते म्हणून सांगितलं. पावणे म्हणाले, "आमच्याकडं सुधरंल. पाडव्याला न्हेतो, दिवस चांगला." सुपारी फुटली.

पावणे उठल्यावर मी रंभीला पाणी दाखवायला सोडली. गोठ्यातल्या हौदाशी नेली. तोंड खाली घातलं, जिभेनं पाण्याला शिवली आणि झटक्यानं मागं! नाकातून वारा काढत उभी. मग मी त्याच हौदातलं पाणी प्लॅस्टिकच्या बादलीत काढून चार पावलं लांब ठेवलं. एका दमात संपवली.

पाणी तेच. म्हस तीच. मग हौदात काय आहे?

मी हौदात हात घालून बघितला. काही नाही. पायात चप्पल होती, ते आत्ता लिहिताना ध्यानात आलं.

१३ मार्च, होळी

पोळ्या झाल्या. पुरण बरं, कटाची आमटी तिखट. संयोगिता कपडे धुवायच्या मशिनीपाशी लाकडी पाटावर उभी होती. म्हटलं, बाई गं, पाट जेवायला बसायला असतो. म्हणाली, मशीनला हात लावला की हाताला मुंग्या येतात. पाटावर उभं राहिलं की येत नाहीत.

कधीपासून? महिना झाला म्हणाली.

"मग सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता, कामचुकार हाय."

म्हटलंच असतं. खोटं कशाला लिहू.

महिना. रंभीचा पण महिना.

१४ मार्च

बाबासो कामावर. स्टुलावर चढून टेस्टर काढला. चप्पल घातली. गोठ्यात गेले.

तिथं एकच बोर्ड, जाड भोकांचा, त्याला कडबा कापायचं मशीन जोडलेलं. बाबासोनं चार महिन्यांमागं जुनं घेतलं. मशीन हौदाला टेकून उभं, त्याचा लोखंडी पाय हौदाच्या पाईपला चिकटलेला. त्याच पाईपला रंभीची साखळी. बोर्डावरचं बटण कायम चालू असतं, बंद-चालू करायचं ते मशीनवर.

त्याच बोर्डावरच्या शेजारच्या रिकाम्या भोकांत टेस्टर घातला. उजवं — लाल. बरोबर. डावं — काही नाही. बरोबर.

वरचं — लाल!

बारीक, विडी विझताना असते तेवढी. पण लाल. तिथं कधीच असता कामा नये. पुन्हा घातला, पुन्हा लाल. घरात येऊन धुवायच्या मशिनीचा बोर्ड बघितला. तिथंही वरच्यात तीच बारीक लाली.

अनुजाला फोन केला. पोरगी पहिल्यांदाच हसली नाही. "आज्जी, कशाला हात लावू नको. गोठ्याची लाईन बंद कर. बाबांना आत्ताच्या आत्ता सांग."

१५ मार्च

सांगितलं. बाबासो आधी टेस्टरवरून ओरडला. मग स्वतः बघितलं. मग पाईपला हात लावायला गेला, अनवाणी! मी काठी घातली मनगटावर. घट्ट बसली. पंचतारांकितमध्ये हेच शिकवतात काय?

१७ मार्च, सोमवार

आण्णा वायरमनला बोलावलं. आमच्या घराची वायरिंग त्यानंच केलेली, आमच्या मालकांच्या, बाबासोच्या वडलांच्या वेळी. मालकांची पिठाची गिरणी होती पुढच्या खोलीत, मोठी मोटर, म्हणून सगळं दोघांनी मिळून केलं. आण्णा आता थकलाय, शिडी चढत नाही, पण तोंड तेच. आल्या आल्या म्हणाला, "आक्का, चहा दाट करा, मग करंट सापडंल." रंभीचं दूध कुठलं दाट यायला. पिशवीतलं घातलं.

तासाभरात सापडलं. कडबा मशीनची वायर मागच्या बाजूला उंदरानं कुरतडलेली, तार मशीनच्या पत्र्याला लागत होती. म्हणाला, एवढं होऊनसुद्धा काही व्हायला नको होतं, हिरव्या तारेनं करंट खाली जमिनीत जायला पाहिजे. तो गेला नाही. गोठ्याची नि घराच्या मागच्या बाजूची हिरवी तार एकच, बाहेरच्या खोलीची वेगळी, म्हणून गोठ्यातला करंट धुवायच्या मशीनमध्ये पण आला.

"जमिनीत का गेला न्हाय?" मी विचारलं.

"वाट वाळली आसंल. खड्ड्याला पाणी कोण घालतंय?"

"कुठल्या खड्ड्याला?"

मग कळलं. तार नुसती मातीत खुपसून चालत नाही. खोल खड्डा काढतात, त्यात पाईप, भोवती कोळसा आणि मीठ. आणि त्याला ओल पाहिजे, कायम. वाळला की मेला. बाबासोला विचारलं तर म्हणतो, असला कुठला खड्डा मी बघितलेला नाही. मी पण नाही; वायरिंगच्या वेळी चार दिवस माहेरी होते.

आण्णा उठला. गोठ्याच्या कोपऱ्यापासून पावलं टाकत गेला, काठीनं ब्लॉक ठोकला. "हितं."

मी बघितलं. बाबासोनं बघितलं. संयोगिता म्हणाली, "आत्ती, हितं तर म्हसोबा होता."

आण्णा हसायला लागला. हसता हसता खोकला लागला, पाणी द्यावं लागलं. मला म्हणाला, "मालकांनी काय सांगितलं न्हवतं व्हय तुम्हास्नी?"

"काय?"

"काय न्हाय."

बोलवेना त्याला. खोकत गेला घरी.

१८ मार्च

बाबासोनं आपणच बसवलेले ब्लॉक आपणच उखडले. खाली पाईपचं गंजकं तोंड निघालं, हाताएवढं. माती राखेसारखी कोरडी. मीठ टाकलं, कोळसा टाकला, बादल्या ओतल्या. जमीन पाणी पीतच राहिली. वायर बदलली. शिवाय आण्णानं एक नवं बटण बसवायला लावलं, करंट वाट चुकला की ते आपोआप पडतं.

टेस्टर घातला. उजवं लाल. डावं काही नाही. वरचं — काही नाही!

म्हसोबाला मी आजवर इतकं पाणी घातलं, ते या खड्ड्यानं प्यायलं. आणि दिवाळीनंतर तेच पाणी कुंपणापाशी गवताला गेलं. कुंपणाचं गवत बाकी चांगलं वाढलंय.

एक कोडं राहतं. म्हसोबा नेमका खड्ड्यावरच कसा?

तो मालकांनीच बसवला. एक दिवस सकाळी उठून म्हणाले, म्हसोबा स्वप्नात आला, गोठ्यामागं जागा मागितली. मला नवलच वाटलं होतं. हा माणूस जोतिबाच्या डोंगरावर मित्र नेतात म्हणून जायचा आणि खाली झाडाखाली झोपून परत यायचा. पण वय झालं की माणूस वळतो, म्हटलं वळला असेल. दगड आणला, शेंदूर लावला, मला म्हणाले, रोज कळशीभर पाणी घालायचं, चुकायचं नाही, देवानं तसं सांगितलंय. मी पण देवभोळी नाही. पण देवाशी कोण भांडण काढणार?

१९ मार्च, रंगपंचमी

रंभीनं लाथ झाडली. आता करंट नाही, तरी झाडली.

२२ मार्च

अजून तसंच. हौदाकडे नेली की पाय रोवून उभी. आण्णा निरोप पाठवतो, जनावर विसरत नाही लवकर. बाबासो म्हणतो, आई, तुझं सगळं खरं, पण मी शब्द दिलाय. पाडव्याला पावणे येणार. तोवर धार देते का बघ, नाहीतर त्यांना नाही म्हणायला माझ्याकडं काही कारण नाही.

पाडवा आठवड्यावर.

२३ मार्च

हौद रिकामा केला. घासला. शेजारी बादली ठेवली. रोज बादली एकेक पाऊल हौदाकडे सरकवायची, असं ठरवलं. साखळी काढून सुती दावं बांधलं. संयोगिता म्हणाली, धार मी काढून बघू काय? म्हटलं, काढ. मी म्हशीच्या तोंडाशी बसते.

२६ मार्च

लाथ नाही. दूध पण नाही. पितळी तांब्याच्या बुडाला तेवढं.

विठाबाई म्हणते, म्हसोबाला जागेवर ठेवल्याशिवाय काही व्हायचं नाही. म्हटलं, ठेवायचाच आहे, बाबासो आधी भोवती कट्टा करतोय. "बघा, आलं का न्हाय ध्यानात!" म्हणाली. हिला काय सांगायचं? सांगून टाकलं असतं सगळं, पण तिची तोडलेली पिन मी अजून विसरले नाही.

२८ मार्च, शुक्रवार

बादली हौदाला टेकवून ठेवली होती. रंभीनं बादली नाकानं बाजूला केली आणि हौदाला तोंड लावलं. प्यायली. पोट भरून प्यायली.

संध्याकाळी संयोगिता खाली बसली. मी रंभीची मान खाजवत होते. आधी काही नाही. मग सड फुगले. मग बादलीत आवाज — पहिल्या धारेचा पत्र्यावर होतो तो. मी उठून बघितलं नाही, म्हस बुजेल म्हणून. आवाज बदलत गेला. फेसात धार पडते तेव्हा आवाज राहत नाही.

संयोगिता म्हणाली, "आत्ती, दुसरी बादली आणा." मी आणली.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारली. पावणे आले, गाडी घेऊन, दावं घेऊन. बाबासो अंगणात नुसता डोकं खाजवत उभा. शेवटी मीच गेले पुढं.

"पावणं, म्हस देत न्हाय."

मिशी हलली. "शब्द दिलासा की आक्का. सणाच्या दिवशी असं?"

"खोडीची हाय म्हणून दिलती. खोड तिची न्हवती, घराची निघाली. ती पायजे तर न्या."

त्यांना काही कळलं नाही. आत बोलावलं, सगळं सांगितलं, टेस्टर दाखवला, वरचं भोक दाखवलं. चहा दिला. घोट घेतला, कपात बघत राहिले. म्हणाले, "चहा झकास हाय. तेवढ्याचंच वाईट वाटतंय." मग दारात चपला घालता घालता थांबले, म्हणाले, आमच्या गोठ्यात पण एक लाथाडती. टेस्टर कितीला मिळतो, कुठं मिळतो, ते बाबासोला विचारून घेतलं.

म्हसोबा जागेवर गेला. विठाबाईनं नारळ आणला, साऱ्या गल्लीला सांगत सुटली.

३१ मार्च

गुडघ्याच्या पिशवीचा मधला माणूस बाबासोनं आणला एकदाचा. बसली पिन. गुडघ्याला काडीचा फरक नाही.

१ एप्रिल

आण्णाला खरवस द्यायला म्हणून— नाही, खरवस नव्हे, रंभी काही आत्ता व्यालेली नाही. तूप. तूप द्यायला गेले. म्हटलं, त्या दिवशी हसत होतास ते सांग आता. सांगितलं. खड्डा भरून झाल्यावर त्यानं मालकांना बजावलं होतं, याला रोज पाणी पाहिजे. मालक म्हणाले होते, "आमची बाई माझं एक ऐकत न्हाय. म्या सांगितलं तर दोन दिस घालंल. देवानं सांगितलं तर जलमभर घालंल." दुसऱ्या दिवशी पंचगंगेच्या घाटावरून दगड दोघांनीच आणला. शेंदूर आण्णानं लावला.

खरं आहे. दोन दिवस घातलं असतं.

२ एप्रिल

सकाळी कळशी घेऊन गेले. हात जोडायचे तर कुणाला, ते कळेना. पाणी घातलं.